पाटातले ऑलिम्पिक

बी.एड.ला असताना आम्ही शैक्षणिक साधनांची लांबलचक यादी पाठ केली होती. नोकरीला लागल्यावर कळले, यादीतली निम्मी साधने शाळेत नसतातच. तेव्हापासून साधनांची तक्रार ओठांवर आली की मला सोइची साकामोतो हा शिक्षक आठवतो.

हवाईतल्या माउई बेटावर उसाचे मोठमोठे मळे होते. तिथे राबणाऱ्या मजुरांमध्ये जपानहून आलेली कुटुंबे पुष्कळ. त्यांची मुले मळ्याच्या पाटात डुंबायची आणि कोणी हटकले की पळायची. पुउनेनेच्या शाळेत शिकवणाऱ्या साकामोतोंनी मुलांची जबाबदारी स्वतःवर घेतली आणि त्यांना पोहण्याची परवानगी मिळवली. स्वतः साकामोतोंना मात्र पोहणे जेमतेमच येत होते!

पण निरीक्षण दांडगे. वाहत्या पाण्याचेच त्यांनी साधन केले. प्रवाहाविरुद्ध जोर लावून वर जायचे, प्रवाहासोबत खाली यायचे. त्यातून दम वाढला आणि हात कसा मारावा हेही कळले.

१९३७ साली त्यांनी ‘थ्री-इयर स्विम क्लब’ काढला. तीन वर्षे कशासाठी? १९४०चे ऑलिम्पिक टोकियोला ठरले होते. आईवडिलांच्या देशात जाऊन अमेरिकेसाठी पोहायचे, हे त्या मुलांचे स्वप्न. १९३८मध्ये जपानने यजमानपद सोडले. तरी सराव थांबला नाही आणि १९३९मध्ये या क्लबने अमेरिकेचे राष्ट्रीय सांघिक विजेतेपद जिंकले. पुढे महायुद्धामुळे १९४०चे ऑलिम्पिक रद्द झाले, १९४४चेही.

७ डिसेंबर १९४१ला पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि जपानी वंशाच्या अमेरिकनांच्या निष्ठेवरच शंका घेतली जाऊ लागली. क्लबचा वेगवान जलतरणपटू हालो हिरोसे अमेरिकी सैन्याच्या ४४२व्या रेजिमेंटमधून युरोपात लढला. किओ नाकामा ऐन उमेदीत होता, पण त्याच्या वाट्याला ऑलिम्पिक आलेच नाही. १९६१ साली मोलोकाई ते ओआहू हे समुद्रातले अंतर त्याने पोहून पार केले.

अखेर १९४८च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये साकामोतोंचा शिष्य बिल स्मिथ याने ४०० मीटर फ्रीस्टाइल आणि ४ × २०० मीटर रिले अशी दोन सुवर्णपदके जिंकली. थेल्मा कलामा हिनेही रिलेत सुवर्ण मिळवले. साकामोतो पुढे हवाई विद्यापीठात प्रशिक्षक झाले. १९६६मध्ये आंतरराष्ट्रीय जलतरण हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश झाला.

लोक पदके मोजतात. मला मात्र हिरोसे आणि नाकामा अधिक आठवतात. त्यांच्यावरची मेहनत वाया गेली असे कोणता शिक्षक म्हणेल? आपल्या वर्गातली किती मुले गुणवत्ता यादीत येतात? बाकीच्यांनाही आपण तितक्याच मनापासून शिकवतो ना, एवढेच मी स्वतःला विचारतो.