आगकाडी, मेण आणि बोंडअळी

मंडळी, मागच्या व्याख्यानात आपण अवयव आणि अवयवी यांचा वाद पाहिला. आज तोच वाद एका अळीच्या अंगावर पाहू. वर्धा जिल्ह्यात बसून अळी म्हटलं की कोणती, हे कापूसवाल्यांना सांगायला नको. गुलाबी बोंडअळी.

आधी थोडा इतिहास. निर्जीव तुकडे हलवून त्यांत जीव भरायची विद्या आपल्याकडे दादासाहेब फाळक्यांनी आणली. १९१२ साली त्यांनी वाटाण्याच्या रोपाचं रोज थोडं थोडं चित्रण केलं आणि महिन्याभराची वाढ मिनिटाभरात दाखवली. भांडवल देणाऱ्याला पटवायला दुसरं होतं काय त्यांच्याकडे! मग १९१५ मध्ये ‘आगकाड्यांची मौज’. काडी जराशी सरकवायची, एक चित्र घ्यायचं, पुन्हा सरकवायची. आज ती फिल्म आपल्याला पाहायला मिळत नाही, हे दुर्दैव.

त्याच सुमारास रशियन साम्राज्यातल्या कोव्नो गावी लाडिस्लास स्टारेविच भुंग्यांची झुंज चित्रित करू पाहत होता. दिवे लावले की भुंगे निपचित पडत. शेवटी त्यानं मेलेले भुंगे घेतले, पाय काढले आणि तार-मेणानं पुन्हा जोडले. पाहणाऱ्यांना ते शिकवलेले किडे वाटले म्हणतात!

आता न्यायसूत्रांकडे या. अवयवी म्हणजे अवयवांचा नुसता ढीग नव्हे, याला तिथे एक पुरावा दिलाय: एक टोक धरून ओढलं की सगळी वस्तू येते. त्यावर वात्स्यायनाच्या भाष्यातच शंका आहे. गवत, दगड, लाकूड लाखेनं चिकटवलं तर तेही एकत्र ओढलं जातंच की. मग ओढलं जाणं हा पुरावा कसा? स्टारेविचचं मेण म्हणजे ही लाखच.

हल्लीची मुलं हेच काम ब्लेंडरमध्ये करतात. सॉफ्टवेअर फुकट आहे. २००२ मध्ये लोकांनी एक लाख युरो जमवून त्याचा सोर्स कोड मोकळा करून घेतला, म्हणून ते आपल्या पोरांच्या हाती आलं. त्यात अळी करायची तर पहिली युक्ती सुचते ती अशी: एक कडं घडवा, ‘अ‍ॅरे’ लावा, तेरा कडी तयार. हाडांची साखळी घाला, एक हाड ओढा, सगळी अळी मागून येते. पण येते ती सापासारखी.

कारण अळीची तेरा कडी सारखी नसतात. डोक्यामागच्या तीन कड्यांना खरे पाय, प्रत्येकी एक जोडी. पुढच्या दहांपैकी तिसऱ्या ते सहाव्या आणि शेवटच्या कड्याला मांसल पाय. मधली कडी बिनपायांची. चालताना लाट मागून सुरू होते. शेवटचे पाय उचलले जातात, मग त्यांच्या पुढचे, आणि लाट डोक्याकडे जाते.

सोयाबीनवरची उंटअळी आठवा. तिला मांसल पायांच्या तीनच जोड्या, पुढच्या दोन गळालेल्या. तेवढ्यानं चाल बदलते, पाठ कमानीसारखी उचलून चालावं लागतं. चाल एकेका खंडात नसते. कोणते खंड रिकामे आहेत, यावर ती ठरते. माझ्या मते नैयायिकांना लाखेवरचं उत्तर इथे मिळालं असतं. चिकटवलेल्या तुकड्यांत एक काढला तर ढीग तेवढा कमी होतो. अळीचे चार पाय काढले तर चालच वेगळी होते.

हे बारकावे कशाला, असं कुणी विचारील. २०१७ साली विदर्भात या अळीनं काय केलं, ते इथल्या लोकांना ठाऊक आहे. अंड्यातून निघाली की ती फुलात किंवा बोंडात शिरते आणि दिसेनाशी होते. फूल उमलण्याऐवजी पाकळ्या गुंडाळून बसतं, त्याला आपण डोमकळी म्हणतो. हिरवं बोंड बाहेरून धडधाकट दिसतं. आतली हालचाल कुणाला उघड्या डोळ्यांनी दिसत नाही, ती दाखवायची तर मॉडेलच करावं लागतं. आणि मुलांनो, ते करताना सुरुवात शेपटाकडच्या पायांपासून करा.