कूलंटचा इतिहास : मशीनखालच्या ट्रेपासून पवनेपर्यंत

पिंपळे गुरवच्या एका अंगाला पवना वाहते. नदीपलीकडे कासारवाडी, त्यापुढे भोसरीची एमआयडीसी. या पट्ट्यात लेथ, मिलिंग, सीएनसी अशा मशीनवर दिवसरात्र एक दुधासारखा पांढरट द्रव वाहत असतो. तो म्हणजे कूलंट. इथल्या कारखानदारीचा इतिहास सांगताना आपण मोटारी मोजतो, स्कूटरी मोजतो. या द्रवाकडे कुणी बघत नाही. आज आपण बघू.

सुरुवात झाली अमेरिकेत. १८८३ साली फिलाडेल्फियाच्या मिडव्हेल पोलाद कारखान्यात फ्रेडरिक टेलर यांनी कापणाऱ्या टूलवर पाण्याची जाड धार सोडली. कापण्याचा वेग ३० ते ४० टक्क्यांनी वाढला. मग त्यांनी शॉपमध्ये सोयच केली : गंज चढू नये म्हणून पाण्यात सोडा घालायचा, मशीनखाली ते धरायचं, टाकीत न्यायचं आणि पुन्हा वर चढवायचं. म्हणजे बघा, द्रव जमिनीवर जाऊ न देणारा ट्रे हा जवळपास कूलंटइतकाच जुना आहे. पुढे सोड्याच्या पाण्याच्या जागी पाण्यात मिसळणारं खनिज तेल आलं.

या तेलाची दुसरी बाजू कळली ती लँकेशायरच्या सूतगिरण्यांत. तिथं चात्यांचं तेल वर्षानुवर्षं कपड्यांत मुरून कामगारांना त्वचेचा कर्करोग झाला. आजची तेलं जास्त शुद्ध केलेली असतात, हे खरं. तरी तेलकट फडकं खिशात ठेवू नये, ओले कपडे अंगावर वाळवू नयेत, ही शिकवण तिथली.

आता आपल्याकडे. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आलं, १९६२ साली एमआयडीसीची स्थापना झाली. त्याच दशकात टेल्को, बजाज आले आणि त्यांना सुटे भाग पुरवणारी शेकडो छोटी वर्कशॉप उभी राहिली. १९४८चा मूळ कारखाने कायदा वीज वापरणाऱ्या, १० किंवा जास्त कामगारांच्या जागेला लागू होता. सहा माणसांचं शेड त्याच्या बाहेर.

१९८४ला भोपाळ घडलं आणि कायदे धावले : १९८६चा पर्यावरण संरक्षण कायदा, १९८७ची कारखाने कायद्यातली दुरुस्ती, १९८९चे घातक रसायनांचे आणि घातक कचऱ्याचे नियम. रसायनांच्या नियमांचा भर मोठ्या साठ्यांवर होता. २०० लिटरचा ड्रम त्या नजरेत कुठं येणार? कचऱ्याच्या नियमांनी मात्र वापरलेल्या तेलाला नाव घेऊन पकडलं. २०१६च्या नियमांनुसार असा कचरा साधारणपणे ९० दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही, आणि तो अधिकृत यंत्रणेकडेच द्यावा लागतो.

खरी अडचण मशीनची टाकी रिकामी करताना येते. रविवारी मशीन बंद, द्रव स्थिर. त्यात जिवाणू वाढतात आणि सोमवारी सकाळी कुबट वास सुटतो. मग कुणीतरी म्हणतं, "सोड रे गटारात." साधं तेल असतं तर पाण्यावर तरंगलं असतं, तेलाच्या खड्ड्यात अडकलं असतं. इथं तेल बारीक थेंबांनी पाण्यात विखुरलेलं असतं. ते त्या खड्ड्यातून सरळ निघून जातं, नाल्यात, आणि तिथून पवनेत. रसायन घालून तेल वेगळं केल्याशिवाय ते हाती लागत नाही.

म्हणून चार गोष्टी. घोळ करताना पाण्यात तेल ओतायचं, तेलात पाणी नाही. ड्रम छताखाली, आणि खाली एक अख्खा ड्रम मावेल असा ट्रे. सांडलं तर आधी गळती बंद करायची, मग गटाराचं तोंड वाळूनं अडवायचं, त्यानंतर भुसा टाकायचा. पाण्याचा पाइप लावायचा नाही. आणि भिजलेला भुसा हाही घातक कचराच, घंटागाडीत तो जात नाही.

टेलर यांचा ट्रे काटकसरीसाठी होता. द्रव विकत घेतलेला असतो तोवर आपणही तो जपतो. नासला की तो कुणाचाच राहत नाही, आणि तिथंच नदीचा प्रश्न सुरू होतो. छोट्या शेडना एकेकट्यानं टँकर बोलावणं परवडत नाही. दहा शेडनी मिळून बोलावला तर परवडू शकतो. हे काम कायद्याच्या आधी शेजाऱ्यांनी करण्यासारखं आहे.