बस्तरचा दसरा: ७५ दिवसांच्या उत्सवात रावण कुठेच नाही, मग आहे तरी काय?

दसरा म्हटलं की डोळ्यांसमोर येतात आपट्याची पानं, झेंडूची तोरणं आणि रात्री मैदानात जळणारा रावण. छत्तीसगडमधल्या बस्तरचा दसरा मात्र तब्बल ७५ दिवस चालतो आणि त्यात रावण नाही, राम नाही, लंकाही नाही. हा दसरा दंतेश्वरी देवीचा आहे. महाराष्ट्रात घरोघरी दिव्यांची अमावास्या साजरी होते त्याच दिवशी, म्हणजे श्रावण लागायच्याही आधी, जगदलपूरमध्ये या दसऱ्याची पहिली पूजा झालेली असते. अधिक महिना मध्ये आला तर मुक्काम आणखी लांबतो. २०२३ मध्ये श्रावण अधिक होता, तेव्हा हा उत्सव १०७ दिवस चालला.

दरवर्षी ऑक्टोबरच्या आसपास याचे व्हिडिओ फिरतात. दुमजली लाकडी रथ, जाडजूड दोर, ते ओढणारी शेकडो माणसं. तीस सेकंदांच्या रीलमध्ये हे भव्य दिसतं, पण एक गोष्ट त्यात दिसत नाही. तो दोर कोणी ओढायचा, तो कोणी वळायचा, लाकूड कुठल्या गावातून यायचं, चाकं कोणी घडवायची, हे सगळं पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं आहे. आणि बस्तर समजून घ्यायचं असेल तर रथापेक्षा ही वाटणी जास्त महत्त्वाची आहे.

बस्तर म्हणजे एक जमात नव्हे

जुना बस्तर जिल्हा सुमारे ३९ हजार चौरस किलोमीटरचा होता, म्हणजे केरळ राज्यापेक्षा किंचित मोठा. आता त्याचे सात जिल्हे झाले आहेत: बस्तर, कांकेर, कोंडागाव, नारायणपूर, दंतेवाडा, विजापूर आणि सुकमा. (हे विजापूर कर्नाटकातलं नव्हे.) पश्चिमेला इंद्रावतीपलीकडे आपला गडचिरोली जिल्हा लागतो आणि माडिया समाज नदीच्या दोन्ही तीरांवर राहतो.

बाहेरचा माणूस इथल्या सगळ्यांना ‘आदिवासी’ या एकाच शब्दात गुंडाळतो. प्रत्यक्षात इथे मुरिया आहेत, अबूझमाडच्या डोंगरांतले माडिया आहेत, नाचताना गव्याच्या शिंगांचा मुकुट घालणारे दंडामी माडिया आहेत. शिवाय हलबा, भतरा, धुरवा, दोरला, गदबा. गोंडी, धुरवी आणि दोरली या द्रविड कुळातल्या बोली. भतरी ओडियाला जवळची. मग एकमेकांशी बोलायचं कसं? त्यासाठी बाजारात आणि जत्रेत हलबी चालते. मराठी, ओडिया आणि छत्तीसगढी यांच्या मधोमध वाढलेली ही बोली मराठी माणसाला कानावर पडली तर बरीचशी ओळखीची वाटते. ग्रिअर्सनच्या भारतीय भाषांच्या सर्वेक्षणात हलबीची नोंद चक्क मराठीच्या खंडात आहे.

इतके समाज, इतक्या बोली. त्या सगळ्यांना वर्षातून एकदा एका कामाला लावणारा उत्सव म्हणजे हा दसरा.

देवी आली कशी?

राजघराण्याची कथा अशी सांगतात. वारंगळचं काकतीय राज्य चौदाव्या शतकात पडलं. तिथला अन्नमदेव उत्तरेकडे निघाला. देवी म्हणाली, तू पुढे चाल, मी मागून येते, फक्त वळून पाहू नकोस. शंखिनी आणि डंकिनी नद्यांच्या संगमावर देवीचे पैंजण वाळूत रुतले, आवाज थांबला, राजानं वळून पाहिलं आणि देवी तिथेच राहिली. ते ठिकाण म्हणजे दंतेवाडा. (मागे वळून पाहिल्यामुळे देव वाटेतच थांबल्याच्या कथा महाराष्ट्रातही गावोगावी आहेत.)

रथ आला पंधराव्या शतकात. राजा पुरुषोत्तमदेव जगन्नाथपुरीला गेला, तिथे त्याला ‘रथपती’ ही पदवी आणि सोळा चाकांच्या रथाचा मान मिळाला, अशी परंपरा आहे. एवढा रथ चालवणं अवघड, म्हणून चार चाकं जगन्नाथाला दिली. त्यातून जगदलपूरचा गोंचा हा रथोत्सव आला. उरलेल्या बारा चाकांतून दसऱ्याचे दोन रथ झाले: एक चार चाकांचा फूलरथ आणि एक आठ चाकांचा विजयरथ. एका वर्षी एक नवा बनतो, पुढच्या वर्षी दुसरा.

ज्याचं काम त्यानंच करायचं

पहिल्या पूजेला, म्हणजे पाटजात्रेला, सालाचा ओंडका येतो बिलोरी गावातून. सिरहासार भवनात रोवायच्या सालाच्या फांद्या येतात बिरिंगपालहून. रथ घडवतात झारउमरगाव आणि बेडाउमरगाव या गावांचे सुतार-लोहार. ते आपापली हत्यारं घेऊन जगदलपुरात येतात आणि काम संपेपर्यंत तिथेच राहतात. रथाचे दोर वळले जातात सियाडी नावाच्या रानवेलीच्या सालीपासून आणि त्यांचं काम करंजी, केसरपाल, सोनाबाल अशा ठरलेल्या गावांकडे असतं. विजयरथ ओढण्याचा मान किलेपाल परगण्यातल्या माडियांचा.

या यादीत फक्त आदिवासी जमाती नाहीत. विणकर आहेत, लोहार आहेत, पुजारी आहेत. आणि सगळ्यात वरची परवानगी ज्या घरातून येते, ते घर गावगाड्याच्या उतरंडीत खालच्या पायरीवर मानलं गेलेलं आहे.

सर्वपित्री अमावास्येच्या संध्याकाळी काछनगादी हा विधी होतो. मिरगान किंवा पनका म्हणून ओळखल्या जाणाऱ्या विणकर समाजातली एक लहान, अविवाहित मुलगी काछनदेवीचं रूप मानली जाते. तिला बेलाच्या काट्यांच्या झोपाळ्यावर बसवतात. राजघराण्यातली व्यक्ती समोर उभी राहून विचारते, दसरा सुरू करू का? तिनं होकार दिला की मगच पुढचं पाऊल. एका लहानग्या मुलीला काट्यांवर बसवणं आजच्या नजरेला खटकतं, आणि ते खटकायलाही हवं. पण राजाला विणकराच्या घरी परवानगी मागायला जावं लागतं, ही गोष्टही त्याच विधीत आहे.

पुढचा मान हलबांचा. आमाबाल गावातला एक तरुण सिरहासार भवनात, जेमतेम बसता येईल एवढ्या खड्ड्यात नऊ दिवस उपाशी बसतो. याला जोगी बिठाई म्हणतात. उत्सव निर्विघ्न पार पडावा म्हणून तो बसलेला असतो. बाहेर रस्त्यावर द्वितीयेपासून सप्तमीपर्यंत फूलरथ फिरतो, अष्टमीच्या मध्यरात्री निशाजात्रा होते, नवमीला दंतेवाड्याहून मावली देवीची डोली येते, आणि हा माणूस मात्र जागचा हलत नाही.

राजाची चोरी

दशमीच्या दिवशी आठ चाकांचा विजयरथ शहरात फिरतो. याला म्हणतात भीतर रैनी, म्हणजे आतली फेरी. आणि रात्री तो रथ चोरीला जातो.

चोर कोण, हे सगळ्यांना माहीत असतं. माडिया-मुरिया मंडळी रथ ओढत शहराबाहेर कुम्हडाकोटच्या रानात नेऊन ठेवतात. पूर्वी त्या रथावर राजा स्वतः बसायचा, त्यामुळे चोरी केवळ रथाची नसायची, राजाचीच असायची. दुसऱ्या दिवशी, एकादशीला, राजघराण्याला रानात जावं लागतं. तिथे नव्या भाताचं जेवण, नवाखानी, गावकऱ्यांसोबत पंगतीला बसून खावं लागतं. मगच रथ परत येतो. ही बाहेर रैनी.

मानववंशशास्त्रज्ञ आल्फ्रेड जेल यांनी बस्तरच्या या विधींवर १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात एक वेगळाच अर्थ लावला. बाहेरून पाहिलं तर वाटतं की हे भाबडे लोक राजाला डोक्यावर घेऊन नाचतात. जेल म्हणतात, उलट आहे. राजाला इतकं देवपण द्यायचं, विधींमध्ये इतकं गुंतवून ठेवायचं, की त्याच्या नावानं येणारं सरकार, कर आणि अधिकारी रानापासून लांब राहतील.

हे केवळ पुस्तकी वाटत असेल तर १८७६ सालचा प्रसंग पाहावा. राजा भैरमदेव राज्याबाहेर मोठ्या दौऱ्यावर निघाला. लोकांचा राग होता दिवाण गोपीनाथ कपडदार आणि त्याच्या कारभारावर. राजा गेला तर आपण दिवाणाच्या तावडीत सापडणार, म्हणून मुरियांनी राजाची वाट अडवली. गोळीबार झाला, आणि पुढे हजारो मुरियांनी जगदलपूरला वेढा घातला. वेढा सोडवायला इंग्रज अधिकारी मॅकजॉर्ज आला तो सिरोंच्याहून, म्हणजे आजच्या गडचिरोली जिल्ह्यातून. त्यानं लोकांचं ऐकून घेतलं आणि दिवाणाला हटवलं. राजाला जाऊ न देणं हा दसऱ्यातला खेळ होता. त्या वर्षी तो खेळ राहिला नाही.

उत्सवाच्या शेवटच्या टप्प्यात मुरिया दरबार भरतो, त्याची सुरुवातही १८७६ चीच सांगितली जाते. परगण्यांचे मांझी, चालकी हे परंपरागत मुखिया राजासमोर उभं राहून तक्रारी मांडायचे. रस्ता नाही, अधिकारी छळतो, जंगलात जाऊ देत नाहीत. ७५ दिवस राबलेल्या माणसांचा तो हक्काचा दिवस.

१९१० मध्ये जंगलबंदी आणि वेठबिगारीविरुद्ध पेटलेला भूमकाल, नेतानारच्या गुंडाधूरचा, याच भागातला.

राजा गेला, मग?

१९४८ मध्ये संस्थान विलीन झालं. शेवटचे राजे प्रवीरचंद्र भंजदेव मात्र लोकांच्या मनातून उतरले नाहीत. सरकारशी त्यांचे खटके उडत राहिले. १९६१ मध्ये त्यांना अटक झाली, राजा म्हणून असलेली मान्यता काढून घेतली गेली, आणि त्यांच्यासाठी लोहंडीगुड्यात जमलेल्या आदिवासींवर गोळीबार झाला. २५ मार्च १९६६ रोजी जगदलपूरच्या राजवाड्यातच पोलिसांच्या गोळ्यांनी प्रवीरचंद्र मारले गेले. सोबत अनेक आदिवासीही. ज्या वाड्यासमोर दसरा व्हायचा, तिथे.

उत्सव थांबला नाही. आता रथावर राजा नसतो, दंतेश्वरीचं छत्र घेऊन पुजारी बसतो. खर्च आणि व्यवस्था दसरा समिती पाहते, तिचं अध्यक्षपद बस्तरच्या खासदारांकडे असतं आणि पैसा बराचसा सरकारी. मुरिया दरबारात मुख्यमंत्री येतात. तक्रारींच्या जागी निवेदनं आली, आश्वासनांच्या जागी घोषणा.

इथेच खरी अडचण आहे. राजाच्या काळी हे काम म्हणजे देणं-घेणं होतं: आम्ही दोर वळू, तू आमचं ऐक. आता ते मानधनावरचं काम होऊ लागलं आहे. ते मानधन पुरत नाही, हंगामाच्या ऐन दिवसांत शेत टाकून यावं लागतं, ही कारागिरांची कुरकुर नवी नाही. सुताराचा मुलगा शहरात नोकरीला लागला तर त्याच्या वाटणीचं चाक कोण घडवणार? ठेकेदार नेमून रथ नक्की तयार होईल, कदाचित लवकरही होईल. पण मग झारउमरगावच्या माणसाला दरबारात उभं राहून ‘आमचं काय?’ असं विचारायचा आधार कुठला? रथासाठी दरवर्षी पडणाऱ्या सालवृक्षांचा प्रश्नही आहेच; बदल्यात नवी रोपं लावण्याची सुरुवात अलीकडे झाली आहे, पण साल सावकाश वाढतो.

दरबारानंतर कुटुंबजात्रा होते. गावोगावहून आलेल्या देवांना, त्यांच्या डोल्यांना आणि निशाणांना निरोप दिला जातो. सर्वांत शेवटी मावलीची डोली दंतेवाड्याला परत निघते. पालखीच्या मागे शहराच्या वेशीपर्यंत माणसं चालत जातात, आणि उमरगावचे सुतार हत्यारं बांधून आपल्या गावची वाट धरतात. घरी भात कापणीला आलेला असतो.