भोला, १९७० : एका चक्रीवादळाचे आयुष्य

१/ नोव्हेंबर १९७०. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचे एक क्षेत्र निर्माण झाले. उबदार समुद्रावरील बाष्प वर चढते, त्याचे पाणी होते आणि त्यातून मुक्त होणारी उष्णता वादळाला बळ देते. उत्तरेकडे सरकताना या वादळाला हे इंधन मिळत राहिले.

२/ १२ नोव्हेंबरच्या रात्री ते पूर्व पाकिस्तानच्या किनाऱ्यावर आदळले. उपसागराचे उत्तर टोक नरसाळ्यासारखे निमुळते आणि उथळ. त्यात भरतीची वेळ. वाऱ्याने रेटलेले पाणी मेघनेच्या मुखाशी असलेल्या भोला, मनपुरा यांसारख्या सखल बेटांवर चढले.

३/ मृतांचा अंदाज ३ ते ५ लाख. नंतरच्या पाहणीत त्यांपैकी निम्म्याहून अधिक १० वर्षांखालील मुले असल्याचे आढळले. रात्रभर झाडाला घट्ट धरून राहण्याइतके बळ त्या हातांत नव्हते.

४/ जमिनीवर येताच बाष्पाचा पुरवठा तुटला आणि वादळ विरले. त्याचे राजकीय आयुष्य मात्र तेव्हा सुरू झाले. याह्याखान यांच्या राजवटीने मदतकार्यात केलेल्या दिरंगाईमुळे संताप उसळला.

५/ डिसेंबरच्या निवडणुकीत, आणि वादळग्रस्त भागात जानेवारीत झालेल्या मतदानात, अवामी लीगने पूर्वेकडील १६२ सर्वसाधारण जागांपैकी १६० जिंकल्या. भाषेचा आणि स्वायत्ततेचा लढा जुनाच होता. बांगलादेश एका वादळातून जन्मला नाही. परंतु दूरच्या राजधानीला आपल्या मृतांचे मोल किती, हे त्या किनाऱ्याने त्या महिन्यात पाहिले.