उशाशी फोन, डोळ्याला डोळा नाही : राखीव वैमानिकांच्या झोपेचा इतिहास

पहाटे चारची गाडी पकडायची असली की आदल्या रात्री काय होतं, हे तुम्हाला ठाऊक आहे. नऊलाच दिवे मालवता, गजर लावता, तरी दर तासाला जाग येते आणि नजर घड्याळाकडे जाते. आता कल्पना करा की गाडी पहाटे चारची आहे, दुपारी दोनची आहे की नाहीच, हेच माहीत नाही. फोन वाजला की दोन तासांत हजर व्हायचं, एवढंच ठरलेलं. आणि गाडीत बसायचं नसून ती चालवायची आहे.

अमेरिकेतल्या छोट्या, प्रादेशिक विमान कंपन्यांमध्ये नव्याने लागलेल्या वैमानिकाची नोकरी बहुधा अशीच सुरू होते. तिथे याला 'रिझर्व्ह' म्हणतात. कोणी आजारी पडलं, बर्फामुळे वेळापत्रक कोलमडलं, की या राखीव माणसाला बोलावायचं. हा विषय आरोग्याच्या ब्लॉगवर कशाला, असं तुम्हाला वाटेल. कारण असं आहे : नर्स, रुग्णवाहिकेचे चालक, लिफ्ट दुरुस्त करणारे, आयटी सपोर्टमधली मुलं माझ्याकडे येतात आणि म्हणतात, "डॉक्टर, काल तर घरीच होतो, फोनसुद्धा आला नाही, तरी अंगात त्राण नाही." या तक्रारीवर विमान क्षेत्रात कित्येक वर्षं वाद चालला आणि त्याची किंमत माणसांनी जिवाने मोजली.

आधी व्यवस्था समजून घ्या. वैमानिकांच्या जगात सगळं सेवाज्येष्ठतेवर चालतं. रुजू झाल्याची तारीख जितकी जुनी, तितकी फेऱ्या, सुट्ट्या आणि शहर निवडायची संधी आधी. नव्या माणसाला उरलंसुरलं मिळतं. त्यात त्याची नेमणूक न्यूयॉर्कसारख्या महागड्या शहरात होते आणि घर असतं हजार मैलांवर. अनेक वर्षं तिथले सुरुवातीचे पगार इतके कमी होते की त्या शहरात खोली घेणं परवडत नसे. मग विमानतळाजवळच्या एका फ्लॅटमध्ये दहा-बारा जण खाटा भाड्याने घेतात. त्याला 'क्रॅश पॅड' म्हणतात. मुंबईत खानावळीत जेवून एका खोलीत पाळीपाळीने झोपणारे गिरणी कामगार ज्यांनी पाहिलेत, त्यांना हे चित्र नवं वाटणार नाही. न्यूयॉर्कच्या क्यू गार्डन्स वस्तीत असे वैमानिक आणि हवाई सेवक इतके राहत की लोक तिला गमतीने 'क्रू गार्डन्स' म्हणत.

कायद्याने सुरुवातीला मोजले ते फक्त उडण्याचे तास. १९३४ मध्ये अमेरिकेत वैमानिकांच्या वेतनावरच्या एका लवादाने महिन्याला ८५ तासांची मर्यादा घातली. पुढे १९३८ च्या कायद्यात ती आली. पण वाट पाहण्याचे तास कोणत्या खात्यात धरायचे? १९७८ मध्ये तिथलं विमानक्षेत्र खुलं झालं. मोठ्या कंपन्यांनी ठरावीक शहरं केंद्र केली आणि आजूबाजूच्या गावांतून प्रवासी गोळा करायचं काम छोट्या कंपन्यांकडे गेलं. दिवसात चार-पाच लहान फेऱ्या, सगळ्या घाईच्या. १९८५ च्या नियमांनी दोन कामांमध्ये साधारण नऊ तासांची विश्रांती ठरवली, ती आठवर आणायची सोयही ठेवली. हॉटेलपर्यंत जाणं, जेवण, अंघोळ सगळं त्यातच. राखीव वैमानिकाबाबत तर कित्येक कंपन्यांचा हिशोब सरळ होता : फोन वाजला नाही तोवर तो घरी आहे, म्हणजे विश्रांतीच घेतोय.

शरीराचा हिशोब वेगळा आहे. १९८८ मध्ये टोर्सवाल आणि ओकरश्टेट या स्वीडिश संशोधकांनी जहाजावरच्या इंजिनीअरांच्या मेंदूचा आलेख झोपेत काढला. काही रात्री त्यांना बिघाडाची घंटा वाजली की उठायचं होतं, काही रात्री नव्हतं. घंटेच्या रात्री गाढ झोप कमी झाली, हृदयाचे ठोके वाढलेले राहिले. आणि हे घंटा वाजायच्या आधीच सुरू झालं होतं. म्हणजे झोप नुसत्या हाकेने मोडत नाही, हाक येईल या धास्तीनेही उथळ होते.

दुसरी अडचण घड्याळाची. आपल्या मेंदूचं घड्याळ झोपायच्या नेहमीच्या वेळेआधीचे दोन-तीन तास आपल्याला सर्वांत जास्त जागं ठेवतं. म्हणून दहाला झोपणाऱ्याला "पहाटे तीनला यायचंय, आत्ता सातला झोप" असं सांगून उपयोग नसतो. तो पडून राहतो, छताकडे बघतो आणि तीनला उठतो.

१८ ऑगस्ट १९९३ ला क्यूबातल्या ग्वांतानामो बे इथे एक मालवाहू डीसी-८ विमान धावपट्टीच्या अलीकडेच कोसळलं. रात्रभर काम केलेल्या या तिघांना सुटी व्हायच्या वेळी आणखी एक फेरी दिली गेली होती. कप्तान सुमारे साडेतेवीस तास जागा होता. उतरताना तो एका लुकलुकणाऱ्या दिव्याचा शोध घेत राहिला, आणि तो दिवा त्या दिवशी चालूच नव्हता. वेग कमी होतोय हे सहकारी सांगत होते, त्याच्यापर्यंत ते पोचलं नाही. थकलेला मेंदू असाच वागतो, एकाच गोष्टीला चिकटतो. तिघेही बचावले. अमेरिकेच्या अपघात तपास मंडळाने थकवा हे अपघाताचं कारण म्हणून नोंदवलं, ते पहिल्यांदाच. चार वर्षांनी डॉसन आणि रीड यांनी दाखवलं की सलग १७ तास जागरणानंतर कामगिरी रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखी घसरते. आपल्याकडे गाडी चालवण्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे.

मग १२ फेब्रुवारी २००९. न्यूअर्कहून बफेलोला जाणारं प्रादेशिक विमान एका घरावर कोसळलं. विमानातले ४९ आणि जमिनीवरचा एक, असे ५० जण गेले. २४ वर्षांची सहवैमानिक सिएटलजवळून रात्रभर मालवाहू विमानांतून, मेम्फिसला बदलून, सकाळी न्यूअर्कला पोचली होती. तिला सर्दी होती. आजारी असल्याचं कळवलं तर हॉटेलचा खर्च स्वतःलाच करावा लागेल, असं ती कप्तानाशी बोलल्याचं ध्वनिमुद्रणात आहे. कप्तानाने आदली रात्र विमानतळावरच्या कर्मचारी खोलीत काढली होती आणि पहाटे तीनच्या सुमाराला तो कंपनीच्या संगणकप्रणालीत लॉग-इन झाला होता. मंडळाने मुख्य कारण म्हणून कप्तानाची चुकीची प्रतिक्रिया नोंदवली : विमानाचा वेग घटल्याचा इशारा मिळाल्यावर नाक खाली करायचं सोडून त्याने ते वर ओढलं. थकव्याचा परिणाम असावा, पण किती ते ठरवता आलं नाही. डॉक्टर म्हणून मला हे वाक्य महत्त्वाचं वाटतं. दारू रक्तात सापडते. झोपेची उधारी मोजणारी तशी रक्तचाचणी नाही, म्हणून ती तपास अहवालात नेहमी 'असावा'वर थांबते.

मृतांच्या नातेवाइकांनी पाठपुरावा केला आणि २०१० मध्ये कायदा झाला. त्यातून आलेले नवे नियम जानेवारी २०१४ पासून लागू झाले. फोनजवळ थांबण्याचा काळ सलग १४ तासांपेक्षा जास्त नको. कामाआधी दहा तास विश्रांती, त्यात आठ तास झोपेची अखंड संधी. विमानतळावर ताटकळणं म्हणजे कामच. फोनची वाट पाहण्याचे आणि कामाचे तास मिळून १६ च्या वर जायचे नाहीत. प्रत्येक उड्डाणाआधी वैमानिकाने आपण तंदुरुस्त असल्याची सही करायची. मालवाहू विमानं मात्र वगळली. ज्या ग्वांतानामोपासून हा विषय सुरू झाला ते विमान मालवाहूच होतं, हे मला अजून पचत नाही.

आपल्याकडेही वैमानिकांची साप्ताहिक विश्रांती ३६ वरून ४८ तासांवर नेणारे नियम २०२५ मध्ये टप्प्याटप्प्याने आले. डिसेंबरमध्ये पुण्या-मुंबईच्या विमानतळांवर अडकलेल्यांना त्यांची आठवण असेलच.

तुम्ही स्वतः ऑन कॉल काम करत असाल तर काही गोष्टी सांगतो. दवाखान्यात "किती तास झोपलात" याबरोबर "किती रात्री फोन उशाशी होता" हेही सांगा. थकव्याला रक्त कमी असणं, थायरॉइड, घोरण्याचा आजार अशी कारणंही असतात, ती तपासून घ्यावी लागतात. सहकाऱ्यांशी बोलून फोनच्या रात्री वाटून घ्या, म्हणजे आठवड्यात काही रात्री तरी तो बंद राहील. रात्री निघण्याआधी वीस मिनिटांची डुलकी चालते. गाढ झोपेतून उठलात तर मात्र पहिली पंधरा-वीस मिनिटं गाडीची किल्ली हातात घेऊ नका. कॉफीचा असर व्हायलाही साधारण अर्धा तास लागतो. आणि ज्या रात्री फोन येऊ शकतो, त्या रात्री झोपेची गोळी घेऊ नका, शेजाऱ्याने दिलेली तर नाहीच नाही.