विहीर तुमची, पण पाणी कुणाचं? भरपूर पावसाच्या कणकवलीतला उन्हाळी प्रश्न

जुलैमध्ये कणकवलीत उभं राहून कुणी पाणीटंचाईबद्दल बोललं, तर लोक हसतील. गडनदी आणि जाणवली नदी दुथडी भरून वाहत असतात. सिंधुदुर्गात वर्षाला सरासरी ३ हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो.

पण मे महिन्यात चित्र उलटं असतं. चाकरमानी गावी आलेले, घरं माणसांनी भरलेली आणि परसातली विहीर मात्र तळाला गेलेली. त्यातच वाडीच्या सार्वजनिक विहिरीशेजारी कुणी बोअरवेल मारली की वाद ठरलेलाच. 'माझ्या जमिनीत मी खोदतोय, तुम्हाला काय त्रास?' असं एक बाजू म्हणते. 'तुझ्या पंपामुळे आमची विहीर आटली,' असं दुसरी बाजू म्हणते.

यात बरोबर कोण? त्यासाठी आधी हे पाणी जातं कुठे ते पाहू, मग कायदा काय म्हणतो ते पाहू.

एवढा पाऊस पडून पाणी जातं कुठे?

कोकणातला जवळपास सगळा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. सह्याद्री आणि समुद्र यांच्यातलं अंतर कमी आणि उतार तीव्र. त्यामुळे इथल्या नद्या लांबीला छोट्या आणि वेगाला जास्त. गडनदी सह्याद्रीत उगम पावते, कणकवलीवरून जाते आणि मालवण तालुक्यात समुद्राला मिळते. पावसाचं बरंचसं पाणी मुरण्याआधीच या वाटेनं निघून जातं.

दुसरं कारण पायाखालचं आहे. कोकणातल्या सड्यांवर जांभा दगड आहे. जांभ्याला भोकं आणि भेगा असतात, त्यामुळे पाणी त्यात पटकन मुरतं. पण ते तिथे थांबत नाही. खालच्या चिकट मातीच्या थरापर्यंत पोचलं की उताराच्या बाजूला सरकतं आणि झऱ्यांच्या रूपानं व्हाळात उतरतं. पावसाळ्यानंतर काही महिने व्हाळ वाहतात ते याच पाण्यावर. ते संपत आलं की आधी व्हाळ आटतो, मग विहिरीची पातळी खाली जाते.

थोडक्यात, कोकणात पाऊस भरपूर, पण साठवण कमी. आणि विहीर, झरा, व्हाळ, नदी हे सगळं एकाच पाण्याचं वेगवेगळं रूप आहे.

पाणी एक, कायदे दोन

निसर्गात जोडलेलं हे पाणी कायद्यानं मात्र वेगळं केलं आहे.

नदीचं पाणी सरकारचं. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० नुसार नद्या, ओढे, नाले आणि वाहतं पाणी ही राज्य सरकारची मालमत्ता आहे. कुणाचा कायदेशीर हक्क सिद्ध झालेला असेल तर तेवढा अपवाद.

विहिरीचं पाणी मात्र जमीनमालकाच्या हाती. याचं मूळ १८८२ च्या इंग्रजकालीन भारतीय सुविधाधिकार अधिनियमात आहे. ठरावीक प्रवाहातून न वाहणारं, जमिनीखालचं पाणी आपल्या हद्दीत गोळा करण्याचा आणि वापरण्याचा हक्क हा कायदा जमीनमालकाला देतो. तो कायदा झाला तेव्हा पाणी मोटेनं उपसलं जायचं. बैल दिवसभर राबून जेवढं काढतील, तेवढंच पाणी निघायचं. आज तासाभरात त्याहून कितीतरी जास्त पाणी उपसणारा पंप आला आहे, पण हक्काचा पाया तोच आहे.

या विभागणीमुळे एक विचित्र गोष्ट घडते. सिंधुदुर्गातल्याच दोडामार्ग तालुक्याचं उदाहरण घ्या. म्हादई नदीच्या पाण्यावरून गोवा, कर्नाटक आणि महाराष्ट्र यांच्यात वाद होता. म्हादई जलविवाद लवादानं ऑगस्ट २०१८ मध्ये निवाडा दिला. गोव्याला २४ टीएमसी, कर्नाटकला १३.४२ टीएमसी आणि महाराष्ट्राला १.३३ टीएमसी पाणी मिळालं. एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८०० कोटी लिटर. म्हणजे नदीचा वाटा दशांशापर्यंत मोजला गेला. पण वाडीतल्या बोअरवेलमधून रोज किती पाणी निघतं, हे बहुतेक ठिकाणी कुणीच मोजत नाही.

मग बोअरवेलवर काहीच बंधन नाही?

आहे. मालकाचा हक्क आता पूर्वीइतका मोकळा राहिलेला नाही.

१९९३ मध्ये राज्यानं पिण्याच्या पाण्यासाठी भूजल नियमनाचा कायदा केला. त्यानुसार सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर खोदायला मनाई आली. टंचाई जाहीर झाली की अशा स्रोताच्या एक किलोमीटर परिसरातल्या विहिरींच्या उपशावर निर्बंध घालण्याचा अधिकारही प्रशासनाला मिळाला.

पुढे महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ आला. राष्ट्रपतींच्या मंजुरीनंतर तो जून २०१४ पासून लागू झाला. त्यानं १९९३ च्या कायद्याची जागा घेतली, पण पिण्याच्या पाण्याला दिलेलं संरक्षण कायम ठेवलं. ६० मीटरपेक्षा जास्त खोल विहिरींसाठी वेगळे निर्बंध आणले. राज्य पातळीवर ही जबाबदारी महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाकडे आहे. तांत्रिक तपासणीचं काम भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा करते. ही यंत्रणा ठरवून दिलेल्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून अनेकदा मोजते.

इथे एक बारकावा लक्षात ठेवायला हवा. ५०० मीटरचं संरक्षण सार्वजनिक पिण्याच्या स्रोताला आहे. शेजाऱ्याच्या बोअरवेलमुळे तुमची खासगी विहीर आटली, तर हा नियम तुमच्या मदतीला येत नाही.

म्हणजे सुरुवातीच्या वादात जमीनमालकाचं म्हणणं अर्धंच खरं आहे. जमीन त्याची आहे, पण वाडीच्या पिण्याच्या पाण्याचा हक्क त्याच्या आधी येतो. वाडीकरांनी तक्रार करायची तर आधी ग्रामसभेत विषय मांडून ठराव घ्यावा आणि तो महसूल प्रशासनाकडे न्यावा. विहिरीची पातळी कोणत्या महिन्यात किती होती याची नोंद असेल, तर बाजू आणखी भक्कम होते. दोरीला गाठी मारून दर महिन्याला मोजलं तरी चालतं.

कमी पावसाच्या गावांनी काय केलं?

कायद्याची वाट न पाहता काही गावांनी आपले नियम स्वतःच केले. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातल्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीचा प्रयोग सुरू केला. पाणी जमिनीच्या प्रमाणात नाही, तर घरातल्या माणसांच्या प्रमाणात मिळणार, हा त्याचा मुख्य नियम. माणशी अर्धा एकर भिजेल एवढं पाणी आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांपुरतं. भूमिहीनांनाही वाटा. उसाला पाणी नाही.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारमध्ये पाऊस साधारण ४०० मिलिमीटर, म्हणजे सिंधुदुर्गाच्या सातव्या हिश्श्याहूनही कमी. तिथे पावसाळ्यानंतर गाव पाण्याचा ताळेबंद मांडतं. आधी माणसं आणि जनावरं यांचं पाणी बाजूला काढलं जातं, मग उरलेल्या पाण्यावर कोणती पिकं घ्यायची ते ठरतं. शेतीसाठी बोअरवेलला बंदी आहे.

कणकवलीला यातून काय घेता येईल?

कोकणातही पाणी अडवण्याचं काम होतं. पाऊस संपला की रिकाम्या सिमेंटच्या पिशव्यांत माती भरून व्हाळावर वनराई बंधारे घातले जातात. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांना बर्गे, म्हणजे फळ्या लावल्या जातात. यात वेळेला महत्त्व आहे. व्हाळ जोरात वाहत असताना अडवला तर पाणी साठतं आणि आजूबाजूच्या विहिरींना त्याचा आधार मिळतो. धार बारीक झाल्यावर घातलेला बंधारा फोटोपुरता उरतो.

पण अडवणं हे अर्धंच काम. अडवलेलं पाणी वरच्या बागेतल्या एकाच पंपानं ओढून घेतलं, तर खालच्या वाडीला बंधाऱ्याचा उपयोग काय? म्हणून बंधारा घालतानाच कुणी किती उपसायचं हेही ठरायला हवं. ते ठरवायची वेळ ऑक्टोबरची असते, कारण तेव्हा विहिरी भरलेल्या असतात आणि डोकी शांत असतात. मे महिन्यात वाटून घ्यायला फक्त भांडण उरतं.