वाचकगणनेची साधने आणि नोंदवहीचे स्वामित्व

१९१० साली सुरू झालेल्या रे रोड स्थानकातील उतारूंची गणना दोन रीतींनी करता येईल. तिकीटखिडकीवरील विक्री पाहावी, अथवा फलाटावर उभे राहून माणसे मोजावीत. पहिल्या रीतीत पासधारक सुटतात. दुसरी गर्दीत चुकते. दोन्ही आकडे प्रामाणिक असूनही ते जुळावयाचे नाहीत.

संकेतस्थळांच्या वाचकगणनेतही हाच भेद आहे. 'वेबलायझर' (१९९७) व 'एडब्ल्यूस्टॅट्स' (२०००) ही मुक्त स्रोत साधने सर्व्हरवर आपोआप होणारी नोंद वाचीत. तीत शोधयंत्रांच्या यांत्रिक फेऱ्याही वाचकांत मिसळण्याचा धोका असे. २००७ साली 'पिविक' या नावाने आलेले व २०१८ पासून 'मातोमो' म्हणून ओळखले जाणारे साधन मुख्यतः पानातील आज्ञावलीवरून मोजते. तिला अटकाव करणारा वाचक गणनेतून निसटतो. 'प्लॉसिबल' हे अलीकडचे साधन व्यक्तीची ओळख दिवसापलीकडे ठेवीत नाही. त्यामुळे वाचकाचे खासगीपण राखले जाते. परंतु तोच वाचक पुन्हा आला काय, हे अभ्यासकास कळत नाही.

तथापि साधनांची तुलना येथेच थांबविणे अपुरे होय. २००५ साली गूगलने 'अर्चिन' ही कंपनी घेऊन मोफत गणनासेवा सुरू केली आणि असंख्य संस्थांची नोंदवही परक्या घरी गेली. त्या सेवेच्या जुन्या आवृत्तीतील नोंद १ जुलै २०२३ पासून थांबू लागली व पुढील वर्षी जुने अहवालही बंद झाले. ज्यांनी प्रत काढून ठेविली नव्हती, त्यांचा तेवढा इतिहास लुप्त झाला. याउलट २००३ साली आरंभ झालेल्या मराठी विकिपीडियाची गणना विकिमीडिया स्वतःच्या सर्व्हरवर करते. जुलै २०१५ पासूनचे पानवार आकडे, मानवी व यांत्रिक भेटी वेगळ्या करून, कोणासही पाहता येतात.

समाजमाध्यमांत हा उपाय तोकडा पडतो. तेथे मूळ नोंदच कंपनीपाशी असते. फेसबुकवरील प्रसाराच्या अभ्यासाचे 'क्राउडटँगल' हे साधन मेटाने ऑगस्ट २०२४ मध्ये बंद केले, तेव्हा अभ्यासकांचा मार्गच खुंटला.

स्वतःच्या सर्व्हरवर साधन चालविणे म्हणजे सुरक्षितता, साठवण व प्रती यांचा भार पत्करणे होय. तो न पेलणाऱ्या संस्थेची नोंदही नष्टच होईल. म्हणून मराठी वाचनाच्या भावी इतिहासकारासाठी आकड्यासमवेत तो कोणत्या रीतीने मोजला, याचीही नोंद जतन करणे अगत्याचे आहे.